पूजेआधी समेट : कविवर्य नारायण वामन टिळक यांचे चरित्र

संक्रांतीचा सण आपल्या घरी येतो तो हातात तिळगूळ घेऊन. एरवी वर्षभर ज्याच्याशी आपण बोललो नाही, त्याच्याही तळहातावर चार दाणे ठेवावेत आणि गोड बोलण्याची याचना करावी, असा या दिवसाचा शिरस्ता आहे. देवापुढे वाण ठेवणे, सुगडे पूजणे, हळदीकुंकू करणे हे सर्व या सणाचे अंग आहे खरे. परंतु त्याचा प्राण आहे तो मोडलेले बोलणे पुन्हा जोडण्यात. तीळ आणि गूळ ही दोन वेगळ्या जातीची द्रव्ये. त्यांना एकत्र आणण्यासाठी पाकाला विस्तव लागतो. माणसांचेही तसेच आहे. समेट हा ताप सोसल्यावाचून होत नाही.

आमच्या कळंबक्षेत्राची कथाही याच अर्थाची आहे. नागपूर-यवतमाळ मार्गावरील या गावी श्रीचिंतामणीचे प्राचीन स्थान आहे. पायऱ्या उतरून भाविक त्या खोल गाभाऱ्याशी आणि गणेशकुंडाशी जातो. गणेशपुराणातील आख्यान असे की, अहल्येच्या प्रसंगी इंद्राने गौतम ऋषींचा घोर अपराध केला आणि तो शापदग्ध झाला. देवांनी गौतमांचे पाय धरले, तेव्हा त्या ऋषींनीच इंद्रासाठी षडक्षर गणेशमंत्र दिला. त्या मंत्राचे अनुष्ठान इंद्राने कदंबवृक्षाखाली केले, ते कदंबपूर म्हणजेच आपले कळंब अशी परंपरेची श्रद्धा आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्याचा अपराध झाला, त्याच्या मुखातूनच अपराध्याच्या उद्धाराचा मंत्र निघाला. गौतमांना वगळून इंद्राला थेट चिंतामणीकडे जाता आले नाही.

हाच विचार ख्रिस्ती धर्मग्रंथातही मोठ्या निःसंदिग्धपणे मांडलेला आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायापासून सातव्या अध्यायापर्यंत येशूने डोंगरावर केलेला उपदेश आहे. त्यात तो सांगतो की, उपासक आपले अर्पण घेऊन वेदीपाशी आला आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे असे त्याला तेथे आठवले, तर ते अर्पण तेथेच ठेवून त्याने परत फिरावे, आधी भावाशी समेट करावा आणि मग येऊन देवाला अर्पण करावे. यातील बारकावा पाहावा. आपल्या मनात भावाविषयी राग असेल तर, असे तेथे म्हटलेले नाही. भावाच्या मनात आपल्याविषयी काही असेल तर, असे म्हटले आहे. म्हणजे आपण स्वतःला कितीही निर्दोष समजत असलो, तरी उठून जाण्याचे काम आपले. हा उपदेश ज्याच्या मनाला लागला आणि ज्याला तो आपल्याच घराच्या उंबरठ्यावर पाळून दाखवावा लागला, अशा एका महाराष्ट्रीय पुरुषाचे चरित्र आजच्या सणानिमित्त वाचकांपुढे ठेवीत आहे. हा पुरुष म्हणजे कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळक हे आडनाव ऐकताच लोकमान्यांची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. हे टिळक निराळे. शाळेच्या पुस्तकात ‘केवढे हे क्रौर्य’ ही बाण लागलेल्या पक्षिणीची कविता ज्यांनी वाचली, त्यांना ते ठाऊक आहेत. फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई जानकीबाई भाविक आणि मायाळू. वडील वामनराव कडक स्वभावाचे. लहान वयातच मातृवियोग घडला आणि घरात मुलाचे मन रमेनासे झाले. बालपणीचे शिक्षण कल्याणला झाले. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. इंग्रजीचेही शिक्षण सुरू झाले, परंतु ते पुरे होण्याआधीच अर्थार्जनासाठी शाळा सोडावी लागली.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. तिचे सासरचे नाव लक्ष्मीबाई. वधूचे वय तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. तिच्या माहेरची एक हकीकत पुढील कथेसाठी आवश्यक आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर तिच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या आघाताने तिच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला की, सोवळ्याओवळ्याने त्यांना पुरते ग्रासले. सारे काही धुवावे, सारे काही शिंपडावे, आणि तरीही मनाचे समाधान होऊ नये. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या रक्तात सोवळे किती खोल मुरले असेल, याची कल्पना करता येते.

टिळकांचा स्वभाव उदार, भावनाप्रधान, आणि तितकाच शीघ्रकोपी. हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या अडचणीत जावा आणि घरी चूल थंड राहावी, असे वारंवार घडे. मनात येईल तेव्हा घर सोडावे, पत्नीला पत्ताही कळू नये, आणि काही काळाने परत यावे, हाही क्रम चाले. शिक्षक, पुरोहित, छापखान्यातील खिळे जुळवणारा अशा अनेक भूमिका त्यांनी निरनिराळ्या गावी केल्या. १८९१ च्या सुमारास ते नागपूरला आले. तेथील श्रीमंत गृहस्थ अप्पासाहेब बुटी यांच्यापाशी संस्कृत ग्रंथांचा मोठा संग्रह होता. त्या ग्रंथांच्या कामी टिळकांची योजना झाली. ‘ऋषि’ नावाचे धर्मविषयक मासिकही त्यांनी संपादिले. म्हणजे ज्या काळात त्यांच्या मनात पालट होत होता, त्या काळात ते आपल्या विदर्भात, संस्कृत विद्येच्या सान्निध्यात होते.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांची अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाशी गाठ पडली. दोघांचे संभाषण काव्यावरून धर्मावर गेले. निरोप घेताना वॉर्ड यांनी त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी ग्रंथ वाचावयास घेतला, आणि डोंगरावरील त्या उपदेशापाशी येऊन त्यांचे मन थबकले. जातिभेदाचा त्यांना आधीपासून तिटकारा होता. शत्रूवरही प्रेम करावे ही शिकवण त्यांच्या हृदयाला भिडली. दोन वर्षे त्यांच्या मनात घालमेल चालली. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्यासारख्या देवधर्म मानणाऱ्या घरांना हे धर्मांतर रुचण्यासारखे नाही, आणि ते रुचावे असा या लेखाचा आग्रहही नाही. परंतु त्यानंतर जे घडले, त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या उपदेशात अर्पण बाजूला ठेवून आधी भावाकडे जाण्यास सांगितले आहे, तोच उपदेश वाचून टिळक वेदीपाशी आले होते. आणि त्यांच्या तेथे येण्याने त्यांचेच घर दुभंगले. घरात बायको होती, १८९१ साली जन्मलेला मुलगा दत्तू होता. त्या दोघांच्या मनात आता त्यांच्याविषयी सल होता, आणि तो साधा नव्हता. त्या काळी धर्म सोडलेला पुरुष कुटुंबाला मेल्यासारखाच होई. कपाळी कुंकू असून जगाच्या दृष्टीने पती नाही, अशी लक्ष्मीबाईंची अवस्था झाली. शोकाने त्या वेड्यापिशा झाल्या. पुढे नातलगांच्या आश्रयाने त्या मुलासह पंढरपुरी राहिल्या. विठ्ठलाच्या त्या नगरीत त्यांचे दिवस जप, दर्शन आणि अश्रू यांत गेले.

टिळकांपुढे तेव्हा दोन सोपे मार्ग होते. एक, जुना संसार संपला असे समजून नव्या समाजात नवा संसार मांडण्याचा. दुसरा, पतीचा अधिकार गाजवून पत्नीला आणि मुलाला ओढून नेण्याचा. त्यांनी दोन्ही नाकारले. ते पत्रे लिहीत राहिले, भेटीचा यत्न करीत राहिले. आधीच्या आयुष्यात जो पुरुष न सांगता घर सोडून जाई, तोच आता वर्षानुवर्षे बंद दाराशी उभा राहून वाट पाहू लागला. त्यांच्या ठायी झालेला खरा पालट कोणता असे विचारल्यास मी याच गोष्टीकडे बोट दाखवीन. नाव आणि समाज एका दिवसात बदलता येतो. उतावळ्या माणसाने थांबावयास शिकणे, याला मात्र वर्षे लागतात.

काही वर्षांच्या वियोगानंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे आल्या. नगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे. टिळक तेथील धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत असत. अलीकडे या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. लक्ष्मीबाई आल्या त्या हिंदू म्हणूनच आल्या. त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर आले, वेगळा स्वयंपाक आला, वेगळे पाणी आले. नवऱ्याच्या हातचे पाणीही त्यांना चालत नसे. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात त्याचीच पत्नी त्याला अस्पर्श मानते, यावर लोकांनी काय म्हटले नसेल? परंतु टिळकांनी तिच्या आचारात ढवळाढवळ केली नाही. तिच्या श्रद्धेचा निर्णय तिचाच राहील, हे त्यांनी मानले आणि पाळले. भांडणे मिटली असे मात्र नव्हे. दोघेही तेजस्वी, दोघेही बोलण्यात तिखट. रागाने टिळक भडकत आणि घटकाभरात लहान मुलासारखे पस्तावत. लक्ष्मीबाई रुसत आणि मग स्वतःच्याच रुसण्याला हसत. पण आता भांडण हे घर सोडण्याचे निमित्त राहिले नव्हते.

कालांतराने लक्ष्मीबाईंच्या मनात स्वतःहूनच विचार सुरू झाला. माणसामाणसांतील जात ही देवाची करणी की माणसाची, या प्रश्नाने त्यांना घेरले. ती देवाची करणी नव्हे असा त्यांचा निश्चय झाला, तेव्हा वडिलांकडून वारसाहक्काने आलेले ते सोवळ्याचे ओझे त्यांनी आपल्या हाताने उतरवून ठेवले. पुढे १९०० साली त्यांनीही पतीचा धर्म स्वीकारला. दुष्काळाच्या आणि प्लेगच्या त्या दिवसांत या घराने निराधार मुलांना जवळ केले. जिला पूर्वी दुसऱ्याची सावली चालत नव्हती, तिच्याच मांडीवर कोणाकोणाची लेकरे खेळू लागली.

१९०४ साली टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. तथापि ते आपल्या मातीपासून तुटले नाहीत. ख्रिस्ताची भक्ती परक्या चालींवर गाण्याऐवजी अभंग, ओवी आणि भजन यांतून व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. टाळमृदंगाच्या साथीने ते ख्रिस्तकीर्तन करीत. गादीवर उभे राहणाऱ्या आम्हा कीर्तनकारांना याचे महत्त्व विशेष जाणवते. कारण नारदीय परंपरेतील हे साधन त्यांनी टाकून न देता आदराने आपल्याबरोबर नेले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही कृतज्ञता ते उघडपणे व्यक्त करीत. आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांची गीते मोठ्या प्रमाणावर गाइली जातात. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादनही त्यांनी केले.

हिंदू समाजाशी तुटलेला धागाही त्यांनी शब्दाने आणि वागण्याने सांधण्याचा प्रयत्न केला. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या एका पोरसवद्या कवीने सर्वांचे लक्ष वेधले. तेच आपले बालकवी. या मुलाला टिळकांनी आपल्या घरी नेले आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागविले. ठोंबरे हिंदू होता आणि हिंदूच राहिला. त्या घरात त्याच्यावर माया झाली ती कवी म्हणून आणि लेकरू म्हणून. ज्या समाजाने आपल्याला दूर केले, त्या समाजाच्या मुलावर अशी माया करणे, हाही समेटाचाच एक प्रकार होय.

आयुष्याच्या अखेरीस टिळकांनी आणखी एक कठीण गोष्ट केली. मिशनच्या वेतनावर राहून आपल्या लोकांपर्यंत पोचता येत नाही, परक्यांचा पगारी माणूस अशी आपली प्रतिमा राहते, हे त्यांना खुपत होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्यास जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंनाही ख्रिस्ताचे भक्त म्हणून तेथे एकत्र बसता यावे, ही त्यामागील कल्पना होती. ज्या संस्थेच्या छायेत बावीस वर्षे काढली, तिच्यापासून ते बाजूला झाले; पण वैर धरून नव्हे. मतभेद झाला म्हणजे शत्रुत्व झालेच पाहिजे असे नाही, हा धडा येथे मिळतो. दरबाराचे काम मार्गी लागण्याआधीच प्रकृतीने दगा दिला आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य अपुरे राहिले होते. दहाएक अध्याय टिळकांच्या हातून झाले होते. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि १९३८ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. जिचे शालेय शिक्षण म्हणून काही झालेच नव्हते, त्या स्त्रीने पतीचे अपुरे व्रत असे पुरे केले. १९३४ पासून तिची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध झाली आणि मराठी आत्मचरित्रांत त्या ग्रंथाने अढळ स्थान मिळविले. नवऱ्याचे दोष तिने त्यात झाकले नाहीत. त्याचा राग, त्याची उधळपट्टी, त्याचे निघून जाणे, सारे सांगितले आहे. परंतु त्या सांगण्यात विखार नाही. समेट खरा की वरवरचा याची परीक्षा येथेच होते. झालेला अपराध विसरल्याचे सोंग करणे म्हणजे समेट नव्हे. तो आठवूनही मन कडू न होणे, हा समेट. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंनीही इहलोकीची यात्रा संपविली.

आता या चरित्राचा आपल्या घरांशी संबंध काय, ते पाहावे. येशूने ज्या क्रमाने तंटा मिटविण्यास सांगितले, तो क्रम मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. अपराध करणाऱ्या भावाला आधी एकांतात गाठावे. त्याने न ऐकले तर एकदोन माणसे बरोबर न्यावीत. तरीही न ऐकले तर मंडळीपुढे विषय न्यावा. डोंगरावरील उपदेशात तर वादीशी न्यायाधीशाकडे जाण्याआधी, वाटेतच सलोखा करण्याचा सल्ला आहे. आपली जुनी पंचाची रीतही याहून फार वेगळी नव्हती. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिच्या मुळाशीही गावातला तंटा गावातच सामोपचाराने मिटावा हाच विचार होता. पण आपण बहुधा हा क्रम उलटा चालवितो. धुऱ्याचे दोन हात जमिनीवरून, विहिरीच्या पाळीवरून, बहिणीच्या हिश्श्यावरून कुरबुर होते. ती आधी साऱ्या गावाला कळते, मग वकिलाला कळते, आणि ज्याच्याशी एकांतात बोलावयाचे तो सख्खा भाऊ शेवटपर्यंत तसाच राहतो. आणि दोघेही भाऊ चतुर्थीचा उपवास मात्र न चुकता करतात.

आपल्या शास्त्राने या विसंगतीवर कमी कठोर शब्द वापरलेले नाहीत. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिल मुनी देवहूतीला सांगतात की, भूतमात्राशी वैर धरून जो मूर्तीची पूजा करतो, त्याची पूजा राखेत घातलेल्या आहुतीसारखी व्यर्थ होय. अशाच्या उपचारांनी भगवंत संतुष्ट होत नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना भगवंतांनी पहिले स्थान दिले ते द्वेष न करण्याला. ज्ञानोबांनी पसायदानात भूतमात्रांची परस्परांत मैत्री मागितली. युद्ध टळावे म्हणून प्रत्यक्ष श्रीकृष्ण हस्तिनापुरी शिष्टाईस गेले. म्हणजे वेदीपाशी अर्पण ठेवून परत फिरण्याची ती शिकवण आपल्याला परकी नाही. ती दुसऱ्या भाषेत ऐकू आली म्हणून आपल्याच ग्रंथातील विसरलेले वचन आठवले, इतकेच.

टिळकांच्या चरित्रातून या शिकवणीला तीन गोष्टींची जोड मिळते. पहिली अशी की, ज्याच्यामुळे दुसरा दुखावला त्याने आपण होऊन जावे, आणि दार एका हाकेत उघडेल अशी अपेक्षा धरू नये. दुसरी अशी की, दुसऱ्याने आपल्यासारखे व्हावे ही समेटाची अट असू नये. एका छपराखाली दोन चुली काही काळ पेटल्या तरी चालतील, मने विझू नयेत. तिसरी गोष्ट ही की, जोडलेले नाते पुढे कोणाच्या तरी कामी यावे. टिळकांच्या घरातला सलोखा निराधार मुलांच्या आणि एका थोर कवीच्या वाट्याला छाया होऊन आला.

आज घरोघरी स्त्रिया सुगडे पूजतील, मुले तिळगुळाचे डबे घेऊन गल्लोगल्ली फिरतील. मित्राला तिळगूळ देणे सोपे आहे. डब्यातले चार दाणे त्या एका घरासाठी राखून ठेवावेत, ज्याच्या दारावरून आपण मान वळवून जातो. चार पावले चालून तेथे जावे. त्याने हात पुढे केला तर उत्तमच. न केला तरी आपले पाऊल वाया गेले असे समजू नये. पुढच्या संक्रांतीला पुन्हा जावे. मग घरी येऊन देवापुढे दिवा लावावा. इंद्राला गौतमांच्या दारावरून कदंबवृक्षापाशी आणणाऱ्या श्रीचिंतामणीने आपल्या सर्वांना त्या पावलाचे बळ द्यावे, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.